शॉर्टस्टॉपचा बाप

पद्माकर सबनीसला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या, असं तो स्वतःच सांगायचा. एक, पावसाचं पाणी कुठल्या रस्त्याखालून न्यायचं त्याचे पाइप आखणं. आणि दुसरी, टीव्हीसमोर बसून अंपायरला शिव्या घालणं. पहिल्या कामाचा त्याला ऑस्ट्रेलियात, इप्सविचमधल्या एका ऑफिसातून पगार मिळायचा. दुसरं काम तो तीस-पस्तीस वर्षं फुकट करत आला होता. अंपायर आंधळा आहे, विकला गेलाय, ह्याला उचलून घरी पाठवा, हे सगळं तो सोफ्यावरून इतक्या कळवळ्यानं सांगायचा की मॅचच्या दिवशी त्याची बायको सुनेत्रा आधी खिडक्या लावून घ्यायची.

अशा माणसाच्या हातात २०२१च्या तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे एप्रिलच्या तोंडावर, कुणीतरी पेन्सिल दिली आणि सांगितलं, घे बाबा, आता तूच ठरव.

झालं असं की त्यांची मुलगी ऋतिका बेसबॉल खेळायची. वय पंधरा. क्रिकेटचा तिला लहानपणापासून कंटाळा, आणि त्याला जबाबदार तिचा बापच, कारण घरात क्रिकेट म्हणजे आरडाओरडा एवढंच तिनं पाहिलेलं. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ती बेसबॉलला गेली आणि तिथंच रमली. मुलींच्या सोळा वर्षांखालच्या संघात ती शॉर्टस्टॉप होती. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, जिथं सगळ्यात जास्त चेंडू येतात आणि सगळ्यात जोरात येतात. पद्माकरनं पहिलं वर्ष ‘बॅट फेकून पळायचं, ह्याला काय खेळ म्हणायचं’ असं नाक मुरडण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी तो स्प्रिंगफील्ड लेक्सच्या त्या मैदानाच्या कुंपणाला चिकटून “अगं पळ! अगं मागे बघ! अगं सोडू नको!” असं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. समोरच्या संघाचे पालक घाबरून एकमेकांना विचारायचे, ही कसली सांकेतिक भाषा आहे म्हणून.

मग कोविड आला. खेळ बंद, चालू, परत बंद असं करत करत जेव्हा नीट चालू झाला तेव्हा क्लबनं नियम काढले. पालकांनी कुंपणाशी गर्दी करायची नाही. ओरडायचं तर अजिबात नाही. मैदानाभोवती गाड्या लावायच्या, आत बसून बघायचं आणि भावना अनावर झाल्याच तर हॉर्न वाजवायचा. लोकांनी दोन शनिवारांत त्याचीही भाषा करून टाकली. स्ट्राइक पडला, म्हणजे बॅटरचा फटका हुकला, की एक छोटा हॉर्न, कुणी आउट झालं की दोन, आणि आपल्या संघाची धाव झाली की लांबलचक. ह्या सगळ्यात मोठा आवाज मॉरीनच्या पांढऱ्या यूटचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचा. मॉरीन म्हणजे संघाची पिचर, चेंडू टाकणारी टेगन, तिची आजी. वय बहात्तर, पण हॉर्नवर हात असा पडायचा की तळ्यावरची बदकं उडायची.

कुंपणाच्या आत कोण? खेळाडू, कोच डॅरेल, अंपायर आणि स्कोरर. बास.

‘स्कोरर हवा आहे, कुणाला अनुभव?’ असा क्लबचा मेल आला आणि पद्माकरनं चार मिनिटांत उत्तर धाडलं की आपल्याला पुण्यात अनेक वर्षांचा अनुभव आहे. खोटं नव्हतं ते. कॉलेजच्या क्रिकेट संघात त्याला कधी कुणी घेतलं नाही, म्हणून तो स्कोर लिहायचा. बेसबॉलचं स्कोरबुक म्हणजे निराळंच प्रकरण असतं, चौकोनात चौकोन आणि त्यात आकडे आणि रेघा, हे ते हातात पडल्यावर त्याला कळलं. पण आता माघार कशी घेणार? त्यानं नियमांची पानं छापली, लॅमिनेट केली, व्हिडिओ बघितले, आणि तीन आठवड्यांत डॅरेललाच नियम शिकवायला लागला. नव्यानं बाटलेला जास्त कडवा असतो तसा प्रकार. डॅरेल बिचारा “नो वरीज, पॅडी” म्हणून पुढे जायचा. हो, तिकडे पद्माकरचा पॅडी झाला होता.

तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेच्या, मागे जाळीआड एक टेबल. त्यावर स्कोरबुक, दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि समोरच्या विजेच्या फलकाचा रिमोट. मागे तोंडाला मास्क लावून पद्माकर. स्कोररनं कुणाची बाजू घ्यायची नाही, टाळी वाजवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. ऋतिकानं एखादा चेंडू उडी मारून पकडला की गाड्यांमधून हॉर्नचा नुसता धुरळा, आणि सख्खा बाप मात्र मास्कच्या आत “शाब्बास गं माझे बाय” असं पुटपुटत पेन्सिल घट्ट धरून बसलेला.

आता स्कोररच्या हातात एक मोठी सत्ता असते. बॅटरनं चेंडू मारला आणि ती बेसवर सुखरूप पोचली, तर ती का पोचली हे त्यानं ठरवायचं. चेंडूच चांगला मारला होता? मग तो हिट, श्रेय बॅटरला. का साधा चेंडू होता आणि क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला? मग तो एरर, आणि तो त्या क्षेत्ररक्षकाच्या नावावर. शॉर्टस्टॉपचा आकडा सहा, म्हणून तिनं घोळ घातला की चौकोनात लिहायचं ई-सहा. धावा, हिट आणि एरर, तिन्ही आकडे फलकावर सगळ्यांना दिसतात.

आणि इथं सबनीसांचं रक्त जागं झालं.

पद्माकरचे वडील साताऱ्याला हायस्कूलात गणित शिकवायचे. पोरगा त्यांच्याच वर्गात. त्याला अठ्ठ्याण्णव पडत असले तर ते चौऱ्याण्णव द्यायचे, म्हणजे मास्तरांनी आपल्या पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. गावात त्यांना मान होता. पद्माकरनं त्या चार मार्कांसाठी बाथरूममध्ये रडून घेतलं होतं, आणि मोठेपणी मात्र तीच गोष्ट तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

एप्रिलमधल्या पहिल्याच मॅचला एक चेंडू ऋतिकासमोर खड्यावर आपटून वेडावाकडा उडाला आणि तिच्या खांद्यावरून गेला. कुणीही हिट दिला असता. पद्माकरनं पेन्सिल उचलली, आणि त्याला जाणवलं की बारा-पंधरा गाड्यांच्या काचांमागून लोक फलकाकडे बघतायत. पॅडी आता आपल्या लेकीला वाचवतो का बघू, असं म्हणत असणार सगळे. त्यानं लिहिलं ई-सहा. फलकावरचा एररचा आकडा शून्याचा एक झाला आणि पद्माकरला कसं स्वच्छ, धुतल्यासारखं वाटलं.

मग काय, सवयच लागली. शंका आली की ई-सहा. सूर्य डोळ्यांवर आला, ई-सहा. पहिल्या बेसवरच्या जॉर्जियानं सरळ हातात आलेला थ्रो सोडला तरी थ्रो जरा वरच होता म्हणून ई-सहा. रविवारी झूमवर पुण्याचे जुने मित्र भेटायचे, त्यांच्यात गुरुदत्त म्हणून एक मेलबर्नला असायचा, लॉकडाउनला वैतागलेला. पद्माकर त्यांना सांगायचा, “काल परत पोरीला एरर दिला मी. काय करणार, खुर्ची ती खुर्ची.” गुरुदत्त म्हणायचा, “धन्य आहेस, हरिश्चंद्रा! तुझे पाय कुठे आहेत, कॅमेऱ्यात आण.” पद्माकरला ह्यातली अर्धी थट्टा कळायची. उरलेल्या अर्ध्यावर तो आठवडाभर खुश असायचा.

सुनेत्रा हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. शिफ्ट नसेल त्या शनिवारी ती त्यांच्या छोट्या कोरोलात बसून मॅच बघायची. तिला खेळातलं फारसं कळायचं नाही, कुणी काही केलं की ती हॉर्न वाजवायची, समोरच्या संघासाठीसुद्धा. पण आकडे वाचता येत होते तिला.

“अरे, तिचे एकटीचे तेरा एरर कसे?” जूनमध्ये तिनं विचारलं. “बाकी सगळ्यांचे मिळून नऊ आहेत.”

“शॉर्टस्टॉपकडे चेंडू जास्त येतात.”

“ते मला शिकवू नकोस. दर वेळी तू लिहायच्या आधी गाड्यांकडे बघतोस, ते दिसतं मला.”

“मुलगी आहे माझी. लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? मॉरीन? तिला तुझं आडनाव तरी माहितेय का?”

पद्माकरनं त्यावर बराच वेळ तत्त्वांबद्दल भाषण दिलं. सुनेत्रानं मध्येच मिक्सर लावला.

जुलैमध्ये एक गोष्ट झाली आणि ह्या सगळ्या विनोदाला धार आली. राज्याच्या शिबिरासाठी अठरा मुली निवडायच्या होत्या. दर वर्षी निवड करणारे मैदानं फिरून, स्वतः बघून मुली घ्यायचे. ह्या वर्षी कोविडपायी राज्याची बॉर्डर आज उघडी तर उद्या बंद, कोण कुठे अडकेल सांगता येईना. तेव्हा लीगनं कळवलं की निवड ह्या वेळी स्कोरबुकांवरून होईल. ऋतिकाला त्या शिबिरात जायचं होतं. ती बोलून दाखवणारी मुलगी नव्हे, पण तिनं शिबिराची तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बारीक गोल करून ठेवली होती, आणि रोज शाळेतून आल्यावर ती गराजच्या भिंतीवर चेंडू मारून मारून परत पकडत बसायची.

पद्माकरनं मनाशी ठरवलं, आता उरलेल्या एका मॅचला जे असेल तेच लिहायचं. हिट तर हिट. ह्यापेक्षा जास्त काही करायची हिंमत त्याच्यात नव्हती.

ती शेवटची मॅच चोवीस जुलैला, शनिवारी दुपारी. कोवळं ऊन, मैदानाभोवती वीसेक गाड्या. आणि त्या दिवशी टेगनच्या अंगात आलं होतं. पाच इनिंग्ज झाल्या तरी समोरच्या संघाला एकसुद्धा हिट मिळाला नव्हता. फलकावर त्यांच्या हिटच्या खाली ठसठशीत शून्य. संपूर्ण मॅच एकही हिट न देणं म्हणजे पिचरसाठी आयुष्यभर सांगायची गोष्ट, आणि बेसबॉलवाल्यांची रीत अशी की ती घडत असताना तोंडातून तिचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, टेगनच्या शेजारीसुद्धा कुणी बसेना. पद्माकरला ही रीत फार आवडली. भारत जिंकत असताना सुनेत्राच्या भावाला दोन तास स्टुलावरून उठू न देणारा माणूस तो. त्यानं लगेच सुनेत्राला मेसेज केला: ‘गाडीतून उतरू नकोस. पायसुद्धा हलवू नकोस.’ तिचं उत्तर आलं: ‘मला टॉयलेटला जायचंय.’ त्यानं लिहिलं: ‘सातव्या इनिंगनंतर.’

सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. दोन मुली आउट. एक बाकी. सगळ्या गाड्या चिडीचूप, एकही हॉर्न नाही. मॉरीन तर यूटची काच खाली करून अर्धी बाहेर आलेली, मास्क हनुवटीला.

टेगननं चेंडू टाकला. बॅटरनं तो सणसणीत मारला, जमिनीलगत, तिसऱ्या बेस आणि शॉर्टस्टॉपच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथपर्यंत कुणी पोचणं शक्यच नव्हतं. ऋतिका पोचली. तिनं अख्खं अंग झोकून दिलं, मातीत घासत गेली, चेंडू तिच्या ग्लोव्हच्या टोकाला लागला आणि निसटून मागे गेला. बॅटर पहिल्या बेसवर उभी.

हिट. शंकाच नाही. दुसरी कुठलीही मुलगी असती तर चेंडूला हातसुद्धा लागला नसता आणि सगळ्यांनी मान डोलावून हिट म्हटलं असतं. ही पोचली, हाच तिचा गुन्हा.

सगळे फलकाकडे बघत होते. त्या शून्याचा एक होतो का, हे बघत होते. आणि मग मॉरीनच्या यूटनं हंबरडा फोडला. तिच्या मागोमाग दुसरी गाडी, तिसरी, मग सगळ्याच. अर्थ अगदी उघड होता. एरर दे! शून्य राहू दे! त्या कोलाहलात कोरोलाचा पिपाणीएवढा आवाजही होता. सुनेत्रा सवयीनं वाजवत होती, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. टेगन कमरेवर हात ठेवून उभी होती. ऋतिका गुडघे झाडत उठली आणि तिनं जाळीआड बापाकडे पाहिलं.

पद्माकरच्या हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात रिमोट. ठरवलेलं सगळं त्याला आठवत होतं. हिट आहे हा, हिट लिही, असं तो स्वतःला बजावतही होता. पण वीस गाड्या बोंबलतायत, एका मुलीचा पराक्रम त्याच्या बोटाखाली आहे, आणि तो त्यानं पुसला तर काय म्हणतील? स्वतःच्या पोरीचा एक एरर वाचवायला पॅडीनं टेगनच्या तोंडचा घास काढला म्हणतील! क्लबच्या ग्रुपवर येईल. बार्बेक्यूला कुणी बोलणार नाही. जन्मभर अंपायरला भित्रा म्हणणारा हा शूर माणूस घामानं थबथबला आणि त्यानं लिहून टाकलं, ई-सहा.

शून्य शून्यच राहिलं. एररचा आकडा वाढला. हॉर्न असे वाजले की शेजारच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनी सूर धरला. पुढची बॅटर तिसऱ्या चेंडूला आउट झाली आणि नियम-बियम धाब्यावर बसवून निम्मे लोक गाड्यांमधून उतरले. टेगनला पोरींनी उचललं. मॉरीननं सॉसेज सँडविच आणून पद्माकरच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “यू लेजंड, पॅडी!” आता खरं बोलायचं तर त्या दहा मिनिटांत पद्माकरला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्यानं दुसरं सँडविचही खाल्लं.

घरी जाताना ऋतिका मागच्या सीटवर होती. कोपर सोललं होतं, त्यावर ती पाण्याची बाटली धरून बसली होती.

“बाबा,” सिग्नलला ती म्हणाली, “वॉज इट अ हिट?”

पद्माकरनं घसा साफ केला. “म्हणजे, तू ग्लोव्ह लावलास ना, तर नियम असा आहे की सर्वसाधारण प्रयत्नानं जर...”

“डोन्ट टेल मी द रूल. हिट होता का?”

“होता,” पद्माकर म्हणाला.

“ओके,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. सुनेत्रानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला तरी त्याला कळलं नाही, मागच्याला हॉर्न द्यावा लागला.

रविवारी सकाळी तो लॅमिनेट केलेली पानं घेऊन बसला. निर्णय बदलायला स्कोररला एक दिवस मिळतो, असं त्यात होतं. त्यानं लीगच्या सेक्रेटरीला फोन लावला. ती म्हणाली, कालची नोंद बदल, हरकत नाही. आधीच्या मॅचेसची बुकं मात्र बंद झाली, त्यांना हात लावता येणार नाही.

पण टेगनला न सांगता कसं बदलणार? तो मास्क लावून मॉरीनच्या घरी गेला. टेगन ड्राइव्हवेत यूट धूत होती. पद्माकर रस्त्यावरच उभा राहिला आणि वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, की तुझा पराक्रम मला काढून घ्यावा लागतोय, तो हिट होता, मी दबावाखाली चुकलो, मला क्षमा कर.

टेगननं नळ बंद केला. “येह, आय नो,” ती म्हणाली. “एव्हरीवन नोज, मेट. काल केक कापतानाच मी आजीला म्हटलं.”

व्हरांड्यातून मॉरीन ओरडली, “अर्थात हिट होता! पोरगी कुठून कुठे पोचली, डोळे आहेत मला!”

“मग तुम्ही हॉर्न...” पद्माकर म्हणाला.

“मी आजी आहे तिची! मी वाजवणारच!” मॉरीन कठड्यावर वाकली. “मला वाटलं तू ऐकणार नाहीस. त्यासाठीच तर तुला आत बसवलंय ना?”

म्हणजे त्या सगळ्या काचांमागून त्याच्यावर पाळत ठेवून असलेले ते लोक नव्हतेच. तिथं आपापल्या पोरींसाठी वेडे झालेले आईबाप आणि आज्या होत्या, आणि पॅडी आपल्या लेकीला झुकतं माप देतो का, असा विचार त्यांच्यातल्या कुणाच्या मनात एकदाही आला नव्हता. आख्खा हिवाळा हा गृहस्थ ज्यांना घाबरून पोरीच्या नावावर चुका लिहीत होता, ते सगळे त्यानं एकट्यानं घरी बसून तयार केले होते. घरी येऊन त्यानं कालचा ई-सहा खोडला आणि हिट लिहिला. रबरानं कागद जरा फाटला.

बुधवारी यादी आली. अठरा नावं. ऋतिकाचं नव्हतं. खाली राखीव मुलींची तीन होती, त्यातही नव्हतं.

तिनं ती फोनवर वाचली, फोन उपडा ठेवला आणि वरणभात खाल्ला. सुनेत्रा संध्याकाळच्या शिफ्टला गेली होती. पद्माकरनं ऋतिकासमोर स्कोरबुक आणून ठेवलं. काय बोलायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. ठरवून काही धड होत नाही हे त्याला एव्हाना पटलं होतं.

“चौदा एरर आहेत तुझ्या नावावर,” तो म्हणाला. “त्यातले बरेच तुझे नाहीत. मी लोकांना भिऊन लिहिले. माझ्यामुळे गेलं तुझं शिबिर.”

त्याला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती बुकाच्या कव्हरकडे बघत मराठीत बोलली. ती बहुतेक इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायची, त्यामुळे त्याला ते जास्तच लागलं.

“दर सोमवारी लीगच्या अ‍ॅपवर आकडे यायचे ना, ते मी बघायचे. खेळताना मला वाटायचं, आज चांगली खेळले. मग ते बघायचे आणि वाटायचं, नाही, बाबानं लिहिलंय. बाबाला कळतं. म्हणजे मीच वाईट आहे. मी डॅरेलला सांगितलं होतं मला राइट फील्डला टाक म्हणून. तिकडे चेंडू येत नाहीत.”

पद्माकरला रडू आलं. मास्क नव्हता, लपवायला काही नव्हतं. “तू वाईट नाहीस गं,” तो म्हणाला. “तू फार छान खेळतेस. मला ओरडून सांगायचं असायचं.”

“मग सांगायचं ना!” ऋतिका म्हणाली, आणि आता मात्र ती चिडली. टेबलावर हात आपटून म्हणाली, “यू नेव्हर सेड इट! नॉट वन्स!”

तिनंच बुक ओढून घेतलं. “पेन्सिल दे.”

“लीगनं बंद केलंय ते. आता उपयोग नाही.”

“लीगसाठी नाही. मला बघायचंय.”

मग दोघं एकेक पान बघायला लागली. तिला सगळं आठवत होतं. चेंडू कसा आला, ऊन कुठून होतं, पाय कुठे होता. “हा खड्यावर उडालेला. हिट.” पद्माकरनं खोडून हिट लिहिला. “हा जॉर्जियाचा. तिला सांगू नकोस पण.” पहिल्या बेसचा आकडा तीन, त्यानं ई-तीन लिहिलं. “हा माझा. ग्लोव्ह वरच राहिला, राहू दे.” त्यानं राहू दिला. चौदातले नऊ गेले, पाच तिनं स्वतःच्या नावावर ठेवून घेतले. एकाबद्दल पद्माकर म्हणाला की हा कठीण होता, तर ती म्हणाली, “नो, बाबा. दॅट वॉज ईझी. चीट करू नकोस.”

मग ती परत मागे गेली, मे महिन्याच्या पानांवर, आणि आठ तारखेवर थांबली.

“इथं हिट का लिहिलायस? सेकंड इनिंग. हा एरर होता. अगदी साधा, सरळ माझ्याकडे आलेला. पायांमधून गेला.”

त्या आठवड्यात गुरुवारी पुण्यात पद्माकरची आई गेली होती. विमानं बंद होती. शुक्रवारी फोनच्या पडद्यावर जे काही बघता आलं तेवढं तिघांनी डायनिंग टेबलाशी बसून बघितलं. शनिवारी, म्हणजे ह्या आठ तारखेला, घरात बसवेना, म्हणून पद्माकरच म्हणाला होता, चल, जाऊ मॅचला. ह्याबद्दल तो कुणाशी बोलत नसे, झूमवरही नाही, म्हणून ह्या गोष्टीतही ते आतापर्यंत आलं नाही.

“चूक आहे हे,” ऋतिका म्हणाली आणि तिनं पेन्सिल त्याच्यासमोर धरली. “बदल.”

“बाकीचे तू सांगितलेस तसे बदलले,” पद्माकर म्हणाला. “हा नाही बदलणार मी.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. बुक मात्र मिटलं नाही. हळूच म्हणाली, “त्या दिवशी मला चेंडू दिसलाच नव्हता, बाबा.”

“मलाही नव्हता दिसला,” पद्माकर म्हणाला.